ओढणारा कुत्रा, हातातली दोरी आणि तुमचा खांदा

तुम्ही म्हणाल, हाडांच्या डॉक्टरने कुत्र्याच्या दोरीवर लेख का लिहावा? ते काम पशुवैद्यांचे. पण गेल्या काही वर्षांत डोंबिवली, कल्याण आणि ठाण्यातून माझ्याकडे येणाऱ्या पेशंटच्या तोंडी एक वाक्य वारंवार येऊ लागले आहे : "डॉक्टर, कुत्र्याने हिसका मारला." कुणाची करंगळी सुजलेली असते, कुणाचा खांदा वर होत नाही, कुणाचे मनगट मोडलेले असते. मी विचारतो, दोरी कोणती होती? उत्तर येते, "दुकानात होती ती घेतली." पुढचा प्रश्न, धरली कशी होती? "सुटू नये म्हणून हाताला दोन वेढे मारले होते."

माझ्या घरीही ३२ किलोचा एक लॅब्रॅडॉर आहे. मांजर दिसले की तो माझी पदवी विचारात घेत नाही. त्यामुळे हा लेख मी डॉक्टर म्हणून लिहितो आहे, तसाच रोज सकाळी दोरीच्या दुसऱ्या टोकाला असणारा माणूस म्हणूनही.

हिसका म्हणजे नेमके काय?

कुत्रा सतत ओढत असतो तेव्हा हाताला त्रास होतो, पण मोडतोड सहसा होत नाही. मोडतोड होते ती हिसक्याने. दोरी सैल असते, तुम्ही फोनवर बोलत असता, समोर मांजर येते, कुत्रा धावतो आणि दोरी एकदम ताणली जाते. धावणाऱ्या कुत्र्याचा सगळा जोर त्या एका क्षणात तुमच्या हातावर येतो.

शाळेतले थोडे विज्ञान आठवू या. ३० किलोचा कुत्रा सेकंदाला ३ मीटर वेगाने, म्हणजे ताशी साधारण ११ किलोमीटरने धावत असेल आणि त्याला १० सेंटीमीटरच्या आत थांबवायचे असेल, तर सरासरी जोर निघतो सुमारे १३८ किलो वजनाइतका. तोच कुत्रा दुप्पट वेगात असेल तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो : सुमारे ५५० किलो. हे कागदावरचे हिशेब आहेत. प्रत्यक्षात कुत्र्याचे अंग, दोरी, तुमचा हात हे सगळे थोडे थोडे ताणतात आणि जोर कमी होतो. पण यातून दोन गोष्टी पक्क्या कळतात.

पहिली : दोरी जितकी लांब, तितकी कुत्र्याला वेग घ्यायला जागा जास्त आणि हिसका मोठा.

दुसरी : कुत्रा जितक्या जास्त अंतरात थांबतो, तितका हिसका सौम्य. १० ऐवजी ३० सेंटीमीटरमध्ये थांबला तर जोर एक तृतीयांश होतो.

दोरीची निवड या दोन गोष्टींभोवती फिरते. रंग, कंपनी, किंमत हे सगळे नंतर.

शरीरात काय बिघडते?

बोटे सगळ्यात आधी सापडतात. दोरीचे वेढे ताणले की ते फाशीसारखे आवळतात. बोटाचे हाड मोडते, कातडी सोलवटते, कधी पीळ बसून हाड तिरके तुटते आणि बोट वाकडे जुळते. गळपट्ट्यात बोट अडकवून कुत्रा धरायची सवयही तशीच धोक्याची, कारण कुत्रा गर्रकन फिरला की बोट त्याच्याबरोबर फिरते. अंगठा बाहेर खेचला गेला तर त्याच्या मुळाशी असलेला अस्थिबंध फाटतो. मग चिमूट धरता येत नाही, किल्ली फिरवता येत नाही.

खांद्याचे दुखणे जरा फसवे असते. खांद्याभोवतीचे चार स्नायू आणि त्यांचे स्नायुबंध मिळून एक बाही असते, तिला आम्ही रोटेटर कफ म्हणतो. चाळिशीनंतर ही बाही झिजत जाते, जुन्या शर्टाच्या कॉलरसारखी. तिशीतल्या माणसाला ज्या हिसक्याने नुसती कळ येईल, त्याच हिसक्याने साठीत ती फाटू शकते. मधुमेह असेल तर दुखऱ्या खांद्याची हालचाल टाळता टाळता तो गोठण्याची शक्यता अधिक.

सगळ्यात गंभीर म्हणजे पडणे. हात टेकून पडले की मनगट जाते, कुशीवर पडले की खुबा. खुब्याचे हाड मोडणे हे साठी-सत्तरीत केवळ हाडाचे दुखणे राहत नाही. ऑपरेशन, अंथरूण, वॉकर, परावलंबन अशी एक रांगच लागते.

ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत २००१ ते २०२० या काळात दोरीला बांधलेला कुत्रा फिरवताना झालेल्या दुखापतींसाठी सुमारे ४ लाख २२ हजार प्रौढांना तातडीच्या विभागात जावे लागले, असा जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा अंदाज आहे. त्यात बोटाचे फ्रॅक्चर, मेंदूला मार आणि खांद्याची दुखापत या तिन्हींचा क्रम वरचा होता, आणि दुखापत झालेल्यांत सुमारे तीन चतुर्थांश स्त्रिया होत्या. तिथल्याच आणखी एका अभ्यासानुसार ६५ वर्षांपुढील लोकांची अशी फ्रॅक्चर २००४ मध्ये अंदाजे १,६७१ होती, ती २०१७ मध्ये ४,३९६ झाली. सर्वाधिक वेळा मोडला होता खुबा.

"मग कुत्रा देऊन टाकू का?"

हा प्रश्न मला पेशंटपेक्षा त्यांचे नातेवाईक जास्त विचारतात.

डोंबिवलीच्या एमआयडीसी निवासी भागातल्या एक काकू. वय ६९. मुलगा कॅनडाला गेला आणि जाताना लॅब्रॅडॉर आईवडिलांकडे ठेवून गेला. अशी घरे आता आपल्याकडे बरीच आहेत. पिल्लू मुलाने आणलेले असते, आणि ते ३० किलोचे होते तेव्हा मुलगा परदेशात असतो. काकूंच्या हाती आठ-दहा मीटर लांब होणारी, डबीत गुंडाळली जाणारी दोरी होती. एका सकाळी कुत्रा रस्त्यापलीकडच्या कुत्र्याकडे धावला, ओल्या पेव्हर ब्लॉकवर काकूंचा पाय सरकला आणि उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर.

प्लॅस्टर घालताना काका म्हणाले, "आता हा देऊनच टाकतो कुणाला तरी." काकू काही बोलल्या नाहीत. काका बिल भरायला बाहेर गेल्यावर मला म्हणाल्या, "डॉक्टर, हा आहे म्हणून मी सकाळी घराबाहेर पडते. हा गेला तर मी कुणासाठी उठू?"

आता यात डॉक्टरने काय सांगायचे? हाड सांभाळायचे तर कुत्रा नको. पण काकूंचा मधुमेह आटोक्यात होता तो त्या सकाळच्या चालण्याने, आणि कोपऱ्यावरच्या चार ओळखी होत्या त्याही कुत्र्यामुळेच. माणूस घरात बसला की हाडे आणखी ठिसूळ होतात, तोल आणखी जातो. तेव्हा "कुत्रा द्या" हा सल्ला वाटतो तितका सुरक्षित नाही.

आम्ही वेगळी वाटणी केली. शेजारच्या विंगेतला कॉलेजात जाणारा मुलगा संध्याकाळी कुत्र्याला चांगले तासभर दमवून आणू लागला. सकाळची छोटी, सावकाश फेरी काकूंकडे राहिली, तीही प्लॅस्टर निघाल्यावर, व्यायाम करून पकड परत आल्यावर. दोरी बदलली, हार्नेस घेतला, रस्ता बदलला. हाडांची घनता तपासून त्यावरचे औषध सुरू केले. कुत्रा मांजर दिसल्यावर अजूनही ओढतो. पण काकू पडत नाहीत.

सगळ्यांनाच हे जमेल असे नाही. कुत्र्याचे वजन तुमच्या वजनाच्या निम्मे असेल, तुमचा तोल जात असेल किंवा आधी एकदा खुबा मोडला असेल, तर त्याला रस्त्यावर दुसऱ्या कुणी न्यावे. कुत्रा घरात राहू दे, दोरी दुसऱ्याच्या हातात जाऊ दे.

दोरी कोणती घ्यावी?

लांबी : आपल्या रस्त्यांवर मोठ्या, ओढणाऱ्या कुत्र्यासाठी चार ते पाच फूट पुरेत. सहा फुटांपुढे नको. डबीतून सुटत जाणारी दोरी मोकळ्या मैदानात, शांत कुत्र्यासाठी ठीक. ओढणाऱ्या कुत्र्याला ती देणे म्हणजे त्याला धावपट्टी देणे. शिवाय ती सतत थोडी ताणलेली असते, त्यामुळे ओढले की पुढे जाता येते हेच कुत्रा शिकतो. तिची बारीक दोरी हाताला किंवा पोटरीला घासली तर खोल कापते. डबी हातातून निसटली तर ती खडखडत मागे येते आणि कुत्रा घाबरून आणखी पळतो.

प्रकार : खाटेच्या नवारीसारखी विणलेली, २० ते २५ मिलिमीटर रुंद सपाट पट्टी मोठ्या कुत्र्यासाठी चांगली. रुंद पट्टीचा दाब तळहातावर पसरतो. साधे नायलॉन स्वस्त आणि मजबूत, पण ओले झाले की निसटते आणि घसरले तर हात भाजतो. सुती पट्टी हाताला मऊ, पण पावसाळ्यात दिवसभर वाळत नाही. चामड्याची पट्टी पकडीला उत्तम, मात्र जुलै-ऑगस्टमध्ये तिला बुरशी येते, पुसून तेल लावावे लागते. बाहेरून रबरासारखा थर दिलेली पट्टी महाग असते, पण पावसात पकड टिकते आणि पुसली की स्वच्छ.

साखळी : "आमचा दोरी चावतो, म्हणून साखळी." हे मी नेहमी ऐकतो. साखळी जराही ताणत नाही, म्हणजे हिसका थेट तुमच्या खांद्यात. कड्यांमध्ये बोट चिमटते. तिचे वजन कुत्र्याच्या मानेवर राहते. चावण्याची सवय मोडेपर्यंत हुकाजवळचा फूटभर भाग साखळीचा आणि पुढे हातापर्यंत पट्टी, अशी दोरी मिळते, ती घ्यावी. जाता जाता, प्राण्याला अवाजवी आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे.

ताणणारी दोरी : मधे इलास्टिकचा तुकडा असलेली दोरी कुत्र्याला थांबायला थोडे अंतर देते, म्हणून हिसका सौम्य होतो. खांदा आधीच दुखत असेल तर उपयोगी. पण ती ताणली की लांबी वाढते, आणि फडके रोडसारख्या गर्दीत तो एक फूट म्हणजे रिक्षाचे चाक असू शकते. घ्यायचीच तर इलास्टिकचा भाग छोटा आणि कुत्र्याजवळ दुसरी मूठ असलेली घ्या.

मूठ : आतून मऊ अस्तर असलेली, चारही बोटे आरामात जातील इतकी मोठी. दुसरी मूठ गळ्यापासून फूटभर अंतरावर असेल तर उत्तम. रस्ता ओलांडताना, लिफ्टमध्ये, जिन्यात तीच धरायची.

हूक : फिरणारा, जाड, पितळी किंवा स्टीलचा. दुकानात दहा वेळा उघडून मिटून बघा. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा स्प्रिंग तपासा. हूक आणि पट्टी जिथे शिवलेली असते तिथले धागे सुटले असतील तर दोरी बदला. नवी दोरी प्लॅस्टरपेक्षा स्वस्त पडते.

कंबरेला बांधायची दोरी : जोर शरीराच्या मध्याजवळ येतो, हात मोकळे राहतात. पळणाऱ्या तरुणांसाठी ठीक. ज्येष्ठांनी वापरू नये, कारण पडताना ती सोडता येत नाही.

ती अडकवता कुठे, हेही तितकेच महत्त्वाचे

ओढणाऱ्या कुत्र्याची दोरी गळपट्ट्याला असेल तर सगळा दाब त्याच्या घशावर येतो. तो खोकतो, घरघरतो. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गळपट्ट्याने ओढताना कुत्र्यांच्या डोळ्यांतला दाब वाढलेला आढळला, हार्नेसने ओढताना वाढला नाही. फास आवळणारी साखळी आणि काट्यांचा पट्टा यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे : नको. वेदनेने कुत्रा क्षणभर थांबतो, पण समोरचा कुत्रा दिसला की दुखते असा त्याचा समज झाला, तर तो पुढच्या वेळी अधिक चिडतो.

हार्नेस चांगला, पण त्याची कडी कुठे आहे ते बघा. पाठीवर कडी असेल तर कुत्रा छाती लावून ओढतो, बैलगाडीच्या बैलासारखा. छातीवर, पुढे कडी असेल तर ओढताक्षणी त्याचे अंग तुमच्याकडे वळते आणि जोर मोडतो. त्याला इजा न होता तुमच्या हातावरचा भार कमी होतो. खांदे मोकळे राहतील असा, समोरून इंग्रजी वाय अक्षरासारखा दिसणारा हार्नेस निवडा. पट्टा आणि अंग यांच्यामध्ये दोन बोटे गेली पाहिजेत.

आपल्याकडचे कारवान किंवा मुधोळ जातीचे कुत्रे असतील तर एक वेगळी काळजी. यांचे डोके मानेपेक्षा फारसे रुंद नसते, त्यामुळे मागे सरकले की साधा गळपट्टा डोक्यावरून निघतो. आणि हे शिकारी कुत्रे एकदा सुटले की तुम्ही त्यांना गाठणार नाही. त्यांच्यासाठी ठरावीक मापापर्यंतच आवळणारा रुंद पट्टा किंवा पोटामागे जास्तीची पट्टी असलेला हार्नेस घ्यावा.

धरायची कशी?

- हाताला किंवा बोटांना वेढे कधीही मारू नका. मनगटात कडे अडकवू नका.
- मूठ उजव्या तळहातात, जास्तीची दोरी घडी करून त्याच मुठीत. डावा हात दोरीच्या मध्यावर.
- दोन्ही हात पोटाजवळ, कोपरे अंगाला लागून. हात लांब सोडला की हिसका खांद्यावर येतो, जवळ ठेवला की अख्खे शरीर तो पेलते.
- ओढले की गुडघे किंचित वाकवून पाय फाकून उभे राहा. मागे झुकू नका.
- अंगठ्या काढून ठेवा. फोन खिशात. पायात मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट, स्लिपर नको.
- पडतोय असे वाटले तर दोरी सोडा.

शेवटचा मुद्दा सगळ्यांना जड जातो. "सोडला आणि गाडीखाली गेला तर?" ही भीती खरी आहे. म्हणूनच सोडायची तयारी आधी करायची : गळ्यात फोन नंबरची पट्टी, "थांब" आणि "ये" या दोन शब्दांचा रोज घरात सराव, आणि शक्यतो वाहनांपासून दूरचा रस्ता. तुम्ही जमिनीवर पडलेले असताना ३० किलोचा कुत्रा तुमच्या हातात थांबत नाही, तो तुम्हालाही ओढत नेतो.

दोरी ओढ थांबवत नाही

हे दुकानदार सांगणार नाही. चांगली दोरी फक्त दुखापत टाळते. ओढणे थांबवायला शिकवावे लागते आणि पद्धत सोपी, पण कंटाळवाणी आहे. दोरी ताणली की जागच्या जागी उभे राहायचे. रागवायचे नाही, मागे खेचायचे नाही. सैल झाली की लगेच पुढे निघायचे आणि जवळ चालला की खाऊ द्यायचा. पहिला आठवडा तुम्ही सोसायटीच्या गेटपर्यंतही पोचणार नाही. घरातल्या प्रत्येकाने हाच नियम पाळला पाहिजे. बाबा थांबतात आणि दादा ओढू देतो, असे झाले तर कुत्रा दादाकडूनच शिकतो.

आपले रस्ते, आपले दिवस

पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक टाळा, वेळ पडल्यास इमारतीच्या आवारातच फिरवा. दिवाळीत आणि विसर्जनाच्या दिवशी फटाके-ढोल सुरू होण्याआधी फेरी उरका. घाबरलेला कुत्रा सर्वांत जोरात ओढतो. मासुंदा किंवा उपवन तलावाकाठी, कल्याणच्या काळा तलावाजवळ गर्दीच्या वेळी जाऊ नका. येऊरला पहाटे आणि तिन्हीसांजेला कुत्रा नेऊच नका. ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे, तिथे बिबटे आहेत. वस्तीतले भटके कुत्रे अंगावर आले तर आपला कुत्रा उचलायला वाकू नका. आखूड मूठ धरून, पाठ न दाखवता सावकाश बाजूला व्हा.

दुसऱ्या कुणाला धोका होणार नाही ही जबाबदारीही दोरी धरणाऱ्याची आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार पाळीव प्राण्याबाबत निष्काळजीपणा करून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका निर्माण केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते.

लागलेच तर

बोट दुखावले की सूज यायच्या आत अंगठी काढा. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटे, हात उंच. मालिश, ओढून बसवणे, गरम शेक नको. दोरीने कातडी भाजली असेल तर वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटे धरा. हळद, टूथपेस्ट, तूप लावू नका. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते डॉक्टरांना सांगा. झटापटीत कुत्रा चावला, अगदी घरचा असला तरी, जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी जा. रेबीज एकदा झाला की उपचार नाही.

पुढीलपैकी काहीही असेल तर घरी थांबू नका :

- बोट वाकडे दिसते, सरळ होत नाही, बधिर किंवा निळसर आहे
- अंगठा आणि तर्जनीने कागद धरता येत नाही
- खांद्यातून हात वर होत नाही, किंवा रात्री दुखून झोपमोड होते
- पडल्यावर पायावर भार देता येत नाही, पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसतो
- डोक्याला मार लागला आहे आणि रक्त पातळ होण्याची गोळी सुरू आहे. अशा वेळी काहीच त्रास नसला तरी तपासणी हवीच.

आज संध्याकाळी कुत्र्याला बाहेर काढण्यापूर्वी एक मिनिट दोरी हातात घ्या. हूक उघडतो-मिटतो का, शिवण शाबूत आहे का, मुठीत चार बोटे बसतात का, ते बघा. घरात आई-बाबा कुत्रा फिरवत असतील तर त्यांच्याबरोबर एक फेरी मारा आणि ते दोरी कशी धरतात ते पाहा. हाताला वेढे दिसले, तर तिथल्या तिथे सोडवून दाखवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. दुखापत झाल्यास प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही.)